मूल्यमापन, वर्गाध्यापनातील

अध्यापन चालू असताना विद्यार्थ्यांस काय समजले, काय समजले नाही आणि न समजण्याचे कारण कोणते, याचा शिक्षकाने घेतलेला शोध व त्या शोधानुसार पुढील अध्यापनात केलेला बदल, या प्रक्रियेस वर्गाध्यापनातील किंवा अध्ययनपूरक मूल्यमापन असे म्हणतात. शिक्षणशास्त्रीय परिभाषेत त्यास ‘आकारिक मूल्यमापन’ ही संज्ञा रूढ आहे. सत्राच्या किंवा वर्षाच्या अखेरीस संपादणुकीचा निर्णय देणारे मूल्यमापन ते ‘संकलित मूल्यमापन’ होय. पहिल्याचा हेतू निदानाचा, तर दुसऱ्याचा निवाड्याचा असतो. दोन्हींत प्रश्न, उत्तरे, वह्या व चाचण्या ही साधने समान असू शकतात. भेद साधनांत नसून मिळालेल्या माहितीचा उपयोग कोणी, केव्हा व कशासाठी केला यात असतो. या दोन हेतूंची गल्लत झाली, की निवाड्याची बाजू बलवत्तर होऊन निदानाची बाजू लोप पावते, असे गेल्या दीड-दोन शतकांच्या शैक्षणिक इतिहासात वारंवार दिसून येते.

देशी शाळांतील परंपरा : महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत आजच्या अर्थाने परीक्षा नव्हती. इयत्ता, वार्षिक निकाल आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा भेदही नव्हता. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी, पंतोजी किंवा वरचा विद्यार्थी ते जागच्या जागी दुरुस्त करी आणि पाटीवरील धूळ सारखी करून मूल पुन्हा गिरवू लागे. पाढे, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचे पाठांतर रोजच्या परवच्यात तपासले जाई. एक धडा पक्का झाल्याखेरीज दुसरा दिला जात नसे. त्यामुळे एकाच शाळेत प्रत्येक मुलाची गती निराळी असे. चूक व तिची दुरुस्ती यांमध्ये कालाचे अंतर नव्हते आणि चुकीची नोंदही मागे राहत नव्हती.

या पद्धतीचे गुणगान मात्र मर्यादेतच केले पाहिजे. तपासणीचा विषय बहुतांशी स्मरणशक्ती हा होता. आकलनाची विचारणा क्वचितच होई. चुकीबद्दल छडी हा सर्वमान्य उपाय होता. मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर या शाळांच्या बाहेरच होती. तथापि वरच्या विद्यार्थ्याने खालच्यास शिकविण्याच्या प्रथेने परकीय निरीक्षकांचे लक्ष वेधून घेतले. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचा अधीक्षक अँड्रू बेल (१७५३–१८३२) याने मलबारी मुलांच्या शाळेत वाळूवर अक्षरे काढणारी मुले पाहिली आणि त्या धर्तीवर आपल्या शाळेत सहाध्यायी-शिक्षणाची पद्धती सुरू केली. १७९७ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतामुळे ती इंग्लंडमध्ये पसरली.

लेखी परीक्षेचा उदय : मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांची एकाच मापाने तुलना करण्याची गरज निर्माण झाल्यावर लेखी परीक्षेस महत्त्व आले. अमेरिकेत बॉस्टन येथील शाळांत १८४५ साली तोंडी परीक्षेऐवजी छापील प्रश्नांची लेखी परीक्षा घेण्यात आली. तिच्यामागे होरेस मान (१७९६–१८५९) या शिक्षणसुधारकाची प्रेरणा होती. भारतात वुडच्या खलित्यानंतर (१८५४) शिक्षणखाती स्थापन झाली आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. आरंभी ही विद्यापीठे स्वतः अध्यापन करीत नसून केवळ परीक्षा घेत. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. पुढे सरकारी नोकरीचा मार्ग या परीक्षेतून जाऊ लागला व माध्यमिक शाळांचे सारे अध्यापन तिच्याकडे वळले. प्राथमिक शाळांत ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षेने तेच स्थान मिळविले.

बाह्य परीक्षेने एक सामाजिक कार्यही बजावले, हे नमूद करणे अवश्य आहे. वशिला आणि जन्म यांऐवजी गुणवत्तेवर निवड होण्याची शक्यता तिने निर्माण केली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळांच्या जाहीर परीक्षा १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या जनसमुदायासमोर झाल्या. मुली शिकू शकत नाहीत, या समजुतीस ते जाहीर उत्तर होते. निवाडा सर्वांसमोर आणि एकाच मापाने होणे, हे ज्यांना शिक्षणच नाकारले गेले होते त्यांच्या दृष्टीने हिताचे होते. परीक्षेला विरोध करणाऱ्या नंतरच्या अनेक शिक्षणतज्ञांच्या विवेचनात ही बाजू दुर्लक्षित राहिली.

निकालानुसार अनुदान : परीक्षेचा वर्गातील अध्यापनावर कसा परिणाम होतो, याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील १८६२ च्या सुधारित संहितेत आढळते. या संहितेनुसार प्राथमिक शाळेस प्रत्येक मुलामागे चार शिलिंग उपस्थितीबद्दल व आठ शिलिंग परीक्षेतील यशाबद्दल मिळत. शाळातपासनीस वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत प्रत्येक मुलाची परीक्षा घेई आणि नापास झालेल्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. शिक्षकाचे वेतन बहुधा या अनुदानावर अवलंबून असल्याने मुलाची चूक ही शिक्षकाची आर्थिक हानी ठरली. परिणामी तपासनीस ज्या पुस्तकातून वाचावयास सांगणार, ते पुस्तकच मुलांकडून तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले. स्वतः तपासनीस असलेला कवी मॅथ्यू आर्नल्ड (१८२२–८८) याने आपल्या अहवालांतून या यांत्रिकतेवर टीका केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही पद्धती टप्प्याटप्प्याने रद्द झाली. माजी मुख्य तपासनीस एडमंड होम्स (१८५०–१९३६) याने १९११ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात असे दाखविले, की ती रद्द झाल्यावरही तिने लावलेल्या सवयी शिक्षकांत टिकून राहिल्या.

भारतातही खाजगी शाळांस अनुदान देताना हे तत्त्व अवलंबिले गेले. मुंबई इलाखा त्यास अपवाद नव्हता. १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक सरकारी ठरावाने ते सोडून देण्याची दिशा घेतली. तथापि मराठी शाळांत ‘दिपोटी’ येण्याचा दिवस हा कसोटीचा दिवस म्हणून पुढेही कायम राहिला. त्या दिवशी हुशार मुले पुढे आणि कच्ची मुले मागे बसविण्याची प्रथा बोलकी आहे. ज्या मुलांची अडचण शोधावयाची, तीच मुले तपासणीच्या वेळी दृष्टीआड केली जात.

गुणदानाची चिकित्सा व उद्दिष्टांचा विचार : विसाव्या शतकाच्या आरंभी गुणांच्या विश्वसनीयतेची शास्त्रीय तपासणी सुरू झाली. अमेरिकेत डॅनिएल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीसारख्या निश्चित समजल्या जाणाऱ्या विषयातही एकाच उत्तरपत्रिकेस २८ पासून ९२ पर्यंत गुण पडले. इंग्लंडमध्ये सर फिलिप हार्टोग व ई. सी. ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही अशीच तफावत आढळली. या संशोधनाचा तात्कालिक परिणाम म्हणून वस्तुनिष्ठ व प्रमाणित कसोट्यांचा प्रसार झाला. मापन अचूक झाले. परंतु मापनाचा वर्गात उपयोग काय, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नास राल्फ टायलर (१९०२–९४) याने वेगळे वळण दिले. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या ‘आठ वर्षांच्या अभ्यासा’त (१९३३–४१) मूल्यमापनाचे काम त्याच्याकडे होते. आधी शिक्षणाची उद्दिष्टे विद्यार्थ्याच्या वर्तनाच्या भाषेत मांडावी, मग ती कितपत साध्य झाली ते पहावे आणि त्यावरून अभ्यासक्रम सुधारावा, अशी त्याची मांडणी होती. तीत ‘परीक्षा’ या कल्पनेची जागा ‘मूल्यमापन’ या व्यापक कल्पनेने घेतली.

भारतात याच काळात निराळ्या प्रेरणेने प्रयोग झाले. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) व ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धतीच्या आधारे बालशिक्षणात निरीक्षणास मध्यवर्ती स्थान दिले. मुलास प्रश्न विचारून त्याची परीक्षा घेण्याऐवजी त्याचे काम पहावे आणि पुढील साधन केव्हा द्यावे ते त्यावरून ठरवावे, हे या पद्धतीचे सूत्र होय. ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्या सहकार्याने हे तत्त्व आदिवासी मुलांच्या शिक्षणास लावले. १९३७ मधील वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योगी शिक्षणातही तकलीवर तुटणारे सूत मुलास त्याची चूक तेथल्या तेथे दाखवून देई. त्यासाठी वेगळ्या परीक्षेची गरज नव्हती.

स्वातंत्र्योत्तर भारतातील सुधारणा : स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक शिक्षण आयोगाने परीक्षासुधारणेचा आग्रह धरला. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठीय परीक्षांतील दोष दाखविले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बाह्य परीक्षांची संख्या कमी करावी, शाळेतील वर्षभराच्या कामाच्या नोंदी ठेवाव्यात व गुणांऐवजी श्रेणी वापराव्यात, अशा शिफारशी केल्या. १९५६ मध्ये भोपाळ येथे परीक्षाविषयक चर्चासत्र भरले. त्यानंतर शिकागो विद्यापीठातील बेंजामिन ब्लूम (१९१३–९९) यांस पाचारण करण्यात आले व त्यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांच्या कार्यशाळा झाल्या. १९५८ मध्ये मध्यवर्ती परीक्षा विभाग स्थापन झाला. हे कार्य पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे (स्थापना १९६१) आले. उद्दिष्टानुवर्ती प्रश्न, संविधान तक्ता, लघुत्तरी व वस्तुनिष्ठ प्रश्न ही परिभाषा या चळवळीतून महाराष्ट्रातील शिक्षकांच्या परिचयाची झाली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) मूल्यमापन ही शिक्षणप्रक्रियेशी एकजीव असलेली अखंड प्रक्रिया मानली. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक (१९०७–८१) हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. प्राथमिक स्तरावरील पहिल्या इयत्ता एक सलग घटक मानाव्यात, जेणेकरून मुलास आपल्या गतीने पुढे जाता येईल, तसेच नैदानिक चाचण्यांचा उपयोग करावा, असे आयोगाने सुचविले. परंतु प्रत्यक्षात प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलण्यावरच भर राहिला. त्यामुळे वर्षाअखेरची प्रश्नपत्रिका अधिक शास्त्रशुद्ध झाली, मात्र वर्षभरातील रोजचा तास होता तसाच राहिला.

आकारिक मूल्यमापनाची संकल्पना : ‘आकारिक’ व ‘संकलित’ हा भेद १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हेन (१९२८–२०२३) याने प्रथम अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनासंबंधी केला. ब्लूम व त्याच्या सहकाऱ्यांनी तो विद्यार्थ्यांच्या अध्ययनास लावला. ब्लूमच्या ‘प्रभुत्व अध्ययना’त (१९६८) एका घटकाचे अध्यापन झाल्यावर छोटी चाचणी घेऊन तिच्यातील उणिवांनुसार विद्यार्थ्यास पूरक अध्यापन मिळते आणि त्यानंतर पुन्हा संधी दिली जाते. सर्वांस समान वेळ देऊन निष्पत्तीत फरक पडू देण्याऐवजी वेळेत फरक करून निष्पत्ती समान करावी, ही त्यामागील भूमिका होती. एका अर्थी देशी शाळेतील ‘धडा पक्का झाल्यावर पुढचा धडा’ या प्रथेचीच ही नव्या शास्त्रीय पायावरील मांडणी म्हणता येईल.

ऑस्ट्रेलियातील रॉइस सॅडलर याने १९८९ मध्ये या विचारात विद्यार्थ्यास केंद्रस्थानी आणले. चांगले काम कसे असते ते विद्यार्थ्यास कळले पाहिजे; आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे; आणि दोहोंतील अंतर कमी करण्यासाठी काय करावे, हेही कळले पाहिजे. या तीन अटी पुऱ्या झाल्याखेरीज शिक्षकाच्या अभिप्रायाचे प्रत्याभरण होत नाही, म्हणजे तो पुढील प्रयत्नास उपयोगी पडत नाही.

अभिप्राय व गुण यांच्या परिणामांची तुलना इझ्राएलमधील रूथ बटलर हिने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आढळते. काही मुलांस केवळ गुण, काहींस केवळ लेखी अभिप्राय आणि काहींस दोन्ही देण्यात आले. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची गोडी व कामगिरी वाढली. गुण व अभिप्राय एकत्र दिलेल्या गटात मात्र अभिप्रायाचा लाभ दिसला नाही. गुण दिसताच मूल स्वतःचा क्रमांक पाहते व शेजारी लिहिलेली सूचना वाचत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे २५० संशोधनांचा आढावा घेतला. आकारिक मूल्यमापन सुधारल्यास अध्ययनात लक्षणीय वाढ होते आणि मागे पडलेल्या विद्यार्थ्यांस त्याचा विशेष लाभ होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नंतर मेडवे व ऑक्सफर्डशर येथील सहा शाळांतील २४ शिक्षकांसह त्यांनी या तत्त्वांचा वर्गात प्रयोग केला.

वर्गातील कार्यपद्धती : या मूल्यमापनाचे मर्म चुकीच्या अर्थनिर्णयात आहे. उदा., ७२ मधून २५ वजा करण्याच्या गणिताचे अचूक उत्तर ४७ आहे. एका मुलाने ५३, दुसऱ्याने ९७ आणि तिसऱ्याने ७४ असे लिहिले, तर परीक्षेत तिघांसही शून्य गुण मिळतात. निदानाच्या दृष्टीने मात्र ही तीन वेगळी उत्तरे आहेत. पहिल्या मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्यास दशक सुटा करून एकक कसे मिळतात, हे काड्यांच्या गठ्ठ्यांच्या साह्याने दाखविले पाहिजे. दुसऱ्याने चिन्हाकडे न पाहता बेरीज केली आहे. त्याचे वजाबाकीचे ज्ञान तपासलेच गेलेले नाही. तिसऱ्याचे गणित बरोबर असण्याचा संभव आहे. मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी व चाळीस नंतर उच्चारले जातात. त्या क्रमाने लिहिल्यास ७४ होतात. त्याला उत्तर तोंडी विचारताच हे उघड होते. तिघांनाही ‘वजाबाकी पुन्हा करा’ असे सांगितल्यास कोणाचीच अडचण दूर होत नाही.

यासाठी लागणारी तंत्रे साधी आहेत. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतो, याचा अभ्यास अमेरिकेतील मेरी बड रो हिने केला. शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि हा काळ तीन सेकंदांपर्यंत वाढविल्यास उत्तरे दीर्घ होतात व अधिक मुले उत्तर देऊ लागतात, असे तिला १९७० नंतरच्या दशकात आढळले. हात वर करणाऱ्या मुलांनाच न विचारता सर्वांकडून पाटीवर उत्तर लिहून एकदम दाखविण्यास सांगणे, हे भारतीय वर्गास सहज साध्य असलेले तंत्र होय. वहीवर केवळ बरोबर-चूक अशी खूण न करता पुढे काय करावे ते एका वाक्यात लिहिणे, विद्यार्थ्यांनी परस्परांचे काम ठरलेल्या निकषांवर तपासणे आणि चाचणीनंतरचा तास चुकांच्या चर्चेसाठी राखून ठेवणे, ही इतर तंत्रे आहेत. परिणाम साधण्यासाठी तपासणी व पुढील अध्यापन यांतील अंतर थोडे असावे लागते. वार्षिक परीक्षेच्या निकालातून मिळणारी माहिती मुलास उपयोगी पडत नाही, कारण तोवर तो घटक मागे पडलेला असतो.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन : १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अखंड व सर्वंकष मूल्यमापनाचा पुरस्कार केला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याने त्यास कायद्याचे रूप दिले. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या या अधिनियमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलास त्याच वर्गात मागे ठेवण्यास मूळ तरतुदीनुसार मनाई केली व मंडळाची परीक्षाही वर्ज्य ठरविली. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती जाहीर केली. तीत आकारिक व संकलित मूल्यमापनाचे प्रमाण पहिली-दुसरीसाठी ७०:३०, तिसरी-चौथीसाठी ६०:४०, पाचवी-सहावीसाठी ५०:५० व सातवी-आठवीसाठी ४०:६० असे ठेवले होते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिके व प्रयोग, उपक्रम वा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वा वर्गकार्य आणि इतर अशी साधने नेमून देण्यात आली. मागे पडणाऱ्या मुलांस पूरक मार्गदर्शन देण्याची जबाबदारी शाळेवर टाकण्यात आली.

तत्त्वतः ही रचना प्रगत होती. तथापि आकारिक मूल्यमापनासही गुण व शेकडा प्रमाण लागू झाल्याने निदानाचे साधन निवाड्याच्या बेरजेत सामील झाले. ३० विद्यार्थी, सहा विषय व प्रत्येकी पाच साधने धरली, तरी एका शिक्षकास सत्रात ९०० नोंदी कराव्या लागतात. त्यांखेरीज वर्णनात्मक नोंदी वेगळ्याच. अशा स्थितीत नोंदवही ही तपासणी अधिकाऱ्यास दाखविण्याची वस्तू बनते. नमुना-नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि ‘वाचनात प्रगती आहे’, ‘सुधारणेस वाव आहे’ यांसारखी वाक्ये त्यांतून उतरून घेतली जाऊ लागली. ज्या मुलाविषयी ती लिहिली, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पाठात त्यांमुळे काही फरक पडण्याचे कारण नव्हते. ‘परीक्षा रद्द झाली’ असा चुकीचा समजही पालकांत पसरला. दुसरीकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ पासून नववी-दहावीस लागू केलेली अशीच योजना मागे घेतली व २०१८ पासून दहावीची मंडळाची परीक्षा सर्वांस पुन्हा अनिवार्य झाली.

परिणामांची तपासणी : केवळ वारंवार मूल्यमापन केल्याने अध्ययन वाढते काय, याची तपासणी हरयाणातील सुमारे ५०० शासकीय शाळांत यादृच्छिक निवडीच्या प्रयोगाने झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राबविलेल्या शाळांतील मुलांच्या संपादणुकीत इतर शाळांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच प्रयोगात मुलांची वाचनाची पातळी साध्या चाचणीने ठरवून, इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून दररोज काही वेळ शिकविलेल्या प्राथमिक शाळांत मात्र हिंदी वाचनात सुधारणा दिसली. या दुसऱ्या पद्धतीचे मूळ मुंबईत आहे. तेथे १९९० नंतरच्या दशकात स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महानगरपालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतील तरुणींस ‘बालसखी’ म्हणून नेमले. मुंबई व बडोदे येथील या कार्यक्रमाचा अनुकूल परिणाम २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविला गेला. अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट यांपैकी मूल काय वाचू शकते, एवढेच ही चाचणी पाहते. तिच्यात गुण नसतात आणि तिचे उत्तर मिळताच मुलाचा गट व पाठ ठरतो. दोन्ही योजनांत मूल्यमापन होते. एकीत ते नोंदवहीत संपले, तर दुसरीत त्यातून अध्यापन सुरू झाले.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांवरून ध्यानात येते. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.३ टक्के होते. कोविड महामारीतील शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आले व २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत वर गेले. म्हणजे पाचवीतील सुमारे निम्मी मुले तीन वर्षे आपल्याला न वाचता येणारी पुस्तके समोर घेऊन वर्गात बसलेली असतात. या वस्तुस्थितीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये शिक्षणहक्क अधिनियमात दुरुस्ती करण्यात आली. पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा घेण्याची, अनुत्तीर्णांस जादा अध्यापन व दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देण्याची आणि आवश्यक वाटल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा तिने राज्यांस दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियमांत तदनुसार बदल केले. मात्र दुसरीत वाचन न आलेल्या मुलास पाचवीच्या अखेरीस अनुत्तीर्ण ठरविणे हे तीन वर्षे उशिरा झालेले निदान होय. त्याचप्रमाणे वाचता येत नसताना त्यास वरच्या वर्गात ढकलणे हेही निदानाचा अभावच दर्शविते. उत्तीर्ण करावे की अनुत्तीर्ण, हा वाद निवाड्याच्या कक्षेतील आहे. तो कसाही मिटला, तरी मुलास वाचावयास शिकविण्याचे काम शिल्लकच राहते.

समारोप : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा एकदा आकारिक मूल्यमापनाचा आणि समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केला आहे. त्याचे यश प्रपत्रांच्या रचनेपेक्षा तीन गोष्टींवर अवलंबून राहील. पहिली, विषयातील नेहमीच्या चुका व त्यांची कारणे यांचे शिक्षकास असलेले ज्ञान; अध्यापक विद्यालयांतील प्रशिक्षणात प्रश्नपत्रिका रचनेच्या तुलनेत या ज्ञानास अद्याप थोडे स्थान आहे. दुसरी, मुलांच्या पातळीनुसार अभ्यासक्रमाची गती बदलण्याची शिक्षकास असलेली मोकळीक. पाठ्यपुस्तक वेळेत संपविण्याचे बंधन कायम ठेवून निदानाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. कारण चूक समजूनही शिक्षक मागे वळू शकत नाही. तिसरी, निदानासाठी केलेल्या नोंदी गुण, श्रेणी आणि शाळेची प्रतवारी यांपासून अलग ठेवणे. चुकीबद्दल दंड होणार असेल, तर मूल ती लपविते, शिक्षकही ती झाकतो आणि अधिकाऱ्यापर्यंत केवळ यशाची नोंद पोहोचते, हा निकालानुसार अनुदानाच्या काळापासूनचा अनुभव आहे. बाह्य परीक्षेचे प्रमाणपत्राचे व निवडीचे कार्य समाजास आवश्यक आहे आणि ते चालूच राहील. वर्गातील मूल्यमापनाचे मोल मात्र आज आढळलेल्या चुकीमुळे त्या मुलाच्या उद्याच्या पाठात कोणता बदल झाला, यावरूनच ठरवावे लागते.